जातीची भरपाई: मोजायची कशी आणि द्यायची कुणी?

प्रश्न मुलुंडच्या एका तिशीतल्या इंजिनिअरचा आहे. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, म्हणून मीही तसंच उत्तर देते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 'माझ्या आजोबांनी कुणाचा विटाळ मानला नाही, कुणाची जमीन लुबाडली नाही. ते स्वतः गिरगावात खानावळीत जेवून दिवस काढत होते. पंचाहत्तर वर्षं आरक्षण देऊन झालं. मुंबईच्या लोकलमध्ये कोण कुणाची जात विचारतो? आता परदेशासारखी भरपाई मागायची टूम निघाली आहे. ती कुणी द्यायची, कुणाला द्यायची आणि आकडा कोण काढणार?'

मी मुंबईत सव्वीस वर्षं वकिली करते. पहिली काही वर्षं मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात गेली, मग कामगार न्यायालयात. गेली बारा-तेरा वर्षं मुख्यतः गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांची प्रकरणं बघते. म्हणजे भरपाई हाच माझा धंदा. त्यामुळे 'आकडा कोण काढणार' हे ऐकलं की हसू येतं. आकडा काढणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट, म्हणून आधी तीच उरकते.

समजा, बत्तीस वर्षांचा माणूस डंपरखाली आला. मागे बायको, दोन पोरं आणि आई. कमाई महिना १२,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. चाळिशीच्या आतला आहे, पुढे कमाई वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: २,०१,६००. चौथा हिस्सा तो स्वतःवर खर्च करत होता असं धरून वजा करायचा: १,५१,२००. मग वयाचा गुणक. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात गुणकांचं कोष्टकच घालून दिलंय, त्यात एकतीस ते पस्तीस वयाला १६. झाले २४,१९,२००. वर अंत्यविधीचे वगैरे थोडे, आणि अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज. माझी ज्युनिअर हा हिशेब चहा गरम असेपर्यंत करते.

आता हाच माणूस डंपरखाली न येता सेप्टिक टँकमध्ये मेला असं धरा. २०१४ च्या मार्चपासून त्याचा दर ठरलेला होता: १० लाख. वय, पोरं, कमाई, काही बघायचं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो ३० लाख केला आणि कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख सांगितले. सरसकट रकमेचा एक फायदा मी नाकारत नाही. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही त्याच्या बायकोला कमाई सिद्ध करत बसावं लागत नाही. पण आणखी एक हिशेब करून बघा. हेच काम करणारा हाच माणूस कायम नोकरीत ३५,००० पगारावर असता, तर? वर्षाचे ४,२०,०००. कायम नोकरीवाल्याला वाढीचे ५० टक्के धरतात: ६,३०,०००. चौथा हिस्सा वजा: ४,७२,५००. गुणिले १६, म्हणजे ७५,६०,०००. शाळेत शिकवलेले शब्द आठवा, गुण्य आणि गुणक: ज्याला गुणायचं ते गुण्य, ज्याने गुणायचं तो गुणक. गुणक दोघांनाही सारखाच आहे. फरक आहे तो गुण्यात. हे गुण्य इतकं लहान का राहिलं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

टाकीत काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं माणूस बुडून मरतो. झाकण काढतात. आत बांबू घालून वरची साय फोडतात. घट्ट झालेला गाळ टँकरच्या पाइपाला ओढत नाही, म्हणून एक जण अंगातला शर्ट काढून, कमरेला दोरी असली तर बांधून, बादली घेऊन उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तो थोडा असताना वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास यायचा थांबला की उतरलेल्याला वाटतं हवा मोकळी झाली, आणि तेवढ्यात तो कोसळतो. वरचा दुसरा त्याला काढायला उडी मारतो. म्हणून ही माणसं एकेकटी मरत नाहीत, दोघं-तिघं मिळून जातात. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तिघे गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तिघींना प्रत्येकी १० लाख द्यायला राज्य सरकारला सांगितलं. कामाला लावलं होतं खासगी माणसांनी, तरी द्यायचे सरकारने. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ते प्रकरण माझं नव्हतं. माझ्याकडे आलेल्यांपैकी एक बाई मानखुर्दहून यायच्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, पोस्टमॉर्टेमचा कागद आणि नवऱ्याची शंभर पानी वही. वहीत तारीख, सोसायटीच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरं, 'टाकी १' आणि पुढे '७००'. काही पानांवर '७००' खोडून '५००'. ती वही मी पुराव्यात लावली. समोरच्या सोसायटीने लेखी उत्तर दिलं: काम टँकरवाल्याला दिलं होतं, त्याने आत कुणाला उतरवलं ते आम्हाला ठाऊक नाही, आणि आमच्या सोसायटीत जातपात पाळली जात नाही. शेवटचं वाक्य कुणी विचारलेलं नव्हतं.

टँकरवाला उलटतपासणीत म्हणाला, 'मी जात विचारत नाही मॅडम. जो उतरायला तयार असेल त्याला नेतो.' तयार असलेला कुठे भेटतो? त्याने वस्तीचं नाव सांगितलं. नेहमी तिथेच? हो, नेहमी तिथेच.

तर मुंबईत जात कोण विचारतो, याचं उत्तर हे आहे. लोकलमध्ये कुणी विचारत नाही. विचारायची गरज उरलेली नाही, व्यवस्था आधीच लागलेली आहे. घर भाड्याने घेताना ब्रोकर आडनाव विचारतो, मग 'मूळ गाव कुठलं?', मग 'नॉनव्हेज?' महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात चोवीस वॉर्डांत एम-पूर्व सगळ्यात खाली होता. देवनारचं डंपिंग, गोवंडी, मानखुर्द हा सगळा भाग त्यात येतो. कोण राहतं तिथे, ते बघून या.

आता गुण्य कसं लहान झालं ते. घरचंच सांगते.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून परळच्या एका गिरणीत लागले, रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. त्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं, ही तेव्हाची पद्धत. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं स्पृश्य विणकरांचं म्हणणं. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. संप सगळ्यांचा, पगारकपात सगळ्यांची, मग चांगलं खातं काहींनाच का, असा तो सवाल होता. आजोबांना कुणी शिवी दिल्याची गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. ते खात्याबद्दल बोलायचे. 'विणकामात असतो तर' या शब्दांनी त्यांची अर्धी वाक्यं सुरू व्हायची. दोन खात्यांतल्या पगाराच्या फरकात आमच्या घरातलं काय काय गेलं ते मला ठाऊक आहे: आत्याची शाळा चौथीत सुटली, बाबांची एसएससी फीपायी एक वर्ष लांबली, आणि नायगावच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत आम्ही अकरा जण होतो. यात अत्याचार म्हणावा असा एकही प्रसंग नाही. कुठल्याही पोलिस ठाण्यात याची नोंद होणार नाही. नुसता पगारातला फरक, दर महिन्याला, तीसेक वर्षं.

आणि आजोबा गाव सोडून का आले? वतन. हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं, वतन होतं म्हणजे जमीनदारच की! महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची चाकरी. सारा पोचवणं, निरोप घेऊन कोसभर पळणं, येसकरकी म्हणजे वेशीची राखण, मेलेली गुरं ओढणं, साहेबाच्या घोड्यापुढे धावणं. त्याला वेळ नाही, सुट्टी नाही, आणि एक आजारी पडला तर घरातला दुसरा हजर पाहिजे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुतं. हे नुसती रूढी म्हणून चालू नव्हतं. ब्रिटिश सरकारने १८७४ च्या वतन कायद्यात ते बसवलं होतं, दप्तरात नोंदवलं होतं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते पास झालं नाही. वतन रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

रद्द होताना काय झालं, हा माझा आवडता, म्हणजे चीड आणणारा भाग. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि मग कब्जेहक्काची रक्कम भरून ती वतनदाराला परत द्यायची असं ठरलं. पिढ्यान् पिढ्या वेठ केली, त्याचा बाकी पगार कुणी काढला नाही. उलट वेठीच्या बदल्यात मिळालेला तुकडा स्वतःकडे ठेवायला सरकारला पैसे भरा. वर नवीन शर्त: जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. हेतू वाईट नव्हता, जमीन लाटली जाऊ नये म्हणूनच ती अट होती. पण अशा जमिनीवर कर्ज द्यायला बँक कां-कूं करते. मग मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्यात पैसा लागला की स्टॅम्प पेपरवर साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (व्यवहाराचे सगळे अधिकार दुसऱ्याला देणारा कागद), कवडीमोलाने. सातबाऱ्यावर नाव महाराचं, नांगर दुसऱ्याचा. आमची सहा एकर, चाळीस हिस्सेदार. तिच्यावर आज काय उभं आहे ते बघायला मी एकदा गेले होते. पेट्रोल पंप.

गिरणी आणि वतन गेलं तरी झाडू राहिला. मुंबईत महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती आहेत, दादरची कासारवाडी त्यातली एक. खोली नोकरीला बांधलेली असते. बाप निवृत्त झाला किंवा वारला की खोली सोडायची, नाहीतर घरातल्या कुणीतरी नोकरी धरायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याबद्दलचे आदेश एकत्र करून नवा शासन निर्णयही निघाला. मी स्वतः अशा वारसांसाठी भांडते आणि पुढेही भांडणार, कारण त्या घरांना दुसरा आधार नाही. तरी एक मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. बी.कॉम., टॅली शिकलेली. बापाच्या जागी सही करायला आली होती ती खोली जाऊ नये म्हणून. तिला मिळालं ते झाडूचं काम. या देशात वारसाहक्काने खात्रीने मिळणारी एक नोकरी आहे, आणि ती कुठली आहे बघा.

तुम्ही म्हणाल, मग आरक्षण कशासाठी होतं? आरक्षण आणि भरपाई यांची गल्लत फार जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापुरात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, १९३२ च्या पुणे करारात कायदेमंडळातल्या जागा ठरल्या. या दोन्हींमागचा प्रश्न एकच होता: कारभारात बसणार कोण? सत्तेत वाटा, प्रतिनिधित्व. मागच्या नुकसानीचा हिशेब त्यात कुणी धरला नव्हता. शिवाय 'पंचाहत्तर वर्षं' हा आकडाही सगळ्यांना लागू नाही. १९५६ ला बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत १९९० मध्ये घेतलं. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण रेल्वे, बँका, पोस्ट, आयकर, अशी केंद्राची दारं चौतीस वर्षं बंद होती. माझ्या बाबांची नोकरीची सगळी उमेद त्या चौतीस वर्षांत संपली.

आणि मुंबईतल्या सफाईवाल्यांत अनेक घरं गुजरात-सौराष्ट्राकडून आलेली. पिढ्यान् पिढ्या हे शहर झाडतायत. त्यांच्या पोराला इथलं जातप्रमाणपत्र हवं तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून कुटुंब इथे राहत होतं याचा पुरावा आणा. पणजोबा फुटपाथवर राहत होते, पुरावा कुठला? शाळेचा दाखला नाही, कारण शाळेत गेलेच नाहीत. मी एकदा महापालिकेच्या जुन्या हजेरीपटाची पानं मिळवायला आठ महिने घातले. पणजोबाचं नाव सापडलं, पुढे जातही लिहिलेली होती, कारण कामाला ठेवताना ती लिहून घेतलेली.

तिसरं, आरक्षण असतं कायम सरकारी नोकरीत. ती नोकरीच कंत्राटात गेली की आरक्षणही तिच्याबरोबर गेलं. मुंबईत कचरा उचलणाऱ्यांना वर्षानुवर्षं 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं आणि पगाराला 'मानधन'. त्यातल्या २,७०० जणांना कायम करा, हे सांगायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१७ उजाडलं.

आता 'कुणी द्यायची?'

तुमचे आजोबा आरोपी नाहीत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, कायद्याच्या भाषेत म्हणते. अपघाताच्या दाव्यांत एक तत्त्व आहे, आम्ही बोलताना त्याला 'आधी भर, मग वसूल कर' म्हणतो. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, गाडीमालकाने अटी मोडल्या, हे सगळं विमा कंपनीने मालकाशी नंतर भांडावं. विधवेचे पैसे आधी द्यावेत. गोवंडीच्या प्रकरणातही तीच दिशा होती, सरकारने आधी द्यावं आणि जबाबदार असतील त्यांच्याकडून घ्यावं. जातीच्या बाबतीत तर सरकार नुसता विमावाला नाही. वतनाची चाकरी ज्या दप्तरात नोंदली गेली ते दप्तर सरकारचं. मैला उचलायला जात बघून माणसं ठेवली ती नगरपालिकांनी. माणसं मरतात, सरकार मरत नाही. तुम्ही १९७० मध्ये काढलेल्या सरकारी रोख्याचे पैसे आज मागितलेत तर 'तो मंत्री वारला' असं उत्तर मिळतं का?

परदेशाचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. पैसे १९८८ च्या करदात्याचे, कोंडणारे १९४२ चे. ब्रिटनची गोष्ट त्याहून मजेची. १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई मोजली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. एकशे ऐंशी वर्षं ब्रिटिश करदाता ते फेडत होता आणि 'माझ्या आजोबांचा काय संबंध' असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे संस्थानिकांना राज्य गेल्याबद्दल तनखे मिळत होते, १९७१ पर्यंत. म्हणजे गेलेल्याची किंमत चुकती करायची रीत आपल्याला नवी नाही. कुणाचं गेलं तर चुकती करायची, एवढंच ठरायचं राहिलंय.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, २३ व्याने वेठ बंद केली. मागची बाकी कुणी काढायची, यावर कुठे ओळ नाही. त्यानंतर जे जे आलं त्याला नाव पडलं मदत, सवलत, अनुदान, कल्याण. अॅट्रॉसिटीच्या नियमांत २०१६ पासून ८५,००० ते ८,२५,००० पर्यंतच्या रकमा आहेत, त्याही अर्थसहाय्यच. शब्दाने काय फरक पडतो म्हणाल तर फार पडतो. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, तिला उशीर झाला म्हणून व्याज लागत नाही, ती दुसरीकडे वळवता येते. विशेष घटक योजनेचा, म्हणजे अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला, पैसा दुसऱ्या कामांना जातो ही ओरड आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. देणं असतं तर वळवता आलं नसतं. मानखुर्दच्या त्या बाईंना चेक देताना एका कार्यालयात पावती टाइप करून तयार होती. खाली ओळ होती: 'शासनाने केलेल्या या मदतीबद्दल मी शासनाची आभारी आहे.' मी ती पेनाने खोडली. क्लार्क म्हणाला, फॉरमॅट आहे मॅडम. बाईंनी विचारलं काय खोडलं, मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'राहू द्या ताई, नाहीतर चेक अडवतील.' ती ओळ मी पुन्हा हाताने लिहिली. माझ्या अक्षरात आहे ती.

याची दुसरी बाजू आमच्याच घरातून येते, आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझ्या ओळखीचे एक जुने कार्यकर्ते दलित पँथरच्या काळातले, वरळीच्या चाळीत डोक्यात दगड खाल्लेले. भरपाई हा शब्द काढला की चिडतात. म्हणतात, 'पैसे घेतले की पावती द्यावी लागते. फुल अँड फायनल. उद्या म्हणतील, घेतलेत ना, आता तोंड बंद ठेवा.' माझ्या आईच्या पिढीने ढोरं ओढणं सोडलं, बलुतं मागणं सोडलं, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. सोडलेल्या कामाचं बिल आज लावायचं म्हणजे पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन उभं राहणं, असं तिला वाटतं. वकील म्हणून मला पावतीची भीती त्यांच्यापेक्षा जास्त कळते. शेकडो तडजोडी मी लिहिल्या आहेत, त्या शेवटच्या ओळीत काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून माणशी एक चेक वाटून मोकळं व्हावं, याच्या मी विरोधात आहे. आकडा स्वस्तात ठरेल आणि खातं बंद होईल.

मला हवं आहे ते तुकड्यातुकड्याने. सगळ्यात आधी जमीन. महार वतनाच्या आणि तत्सम, सरकारी दप्तरात 'इनाम वर्ग सहा-ब' म्हणून नोंदलेल्या जमिनी तालुकावार तपासा, कुलमुखत्यारपत्रांवर कशा गेल्या ते काढा, आणि जिथे मूळ कुटुंबाचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे तिथे एक पैसा न घेता मोकळ्या करा. दादासाहेब गायकवाडांच्या नावाने भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची योजना २००४ पासून आहे, पण जमीन विकत घेऊन द्यायची म्हटल्यावर बाजारात मिळेल तेवढीच. गायरानं कसणाऱ्यांचं नाव दप्तरात 'अतिक्रमणदार' असं आहे. ज्याच्या बापजाद्याला जमीन घ्यायलाच मज्जाव होता त्याला अतिक्रमणदार म्हणायचं, हे एवढं तरी बदला. त्यानंतर सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे टेबल द्या आणि खोली नोकरीपासून सोडवा. कागदावर काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्षात झाडूच हातात येतो. विशेष घटक योजनेचा निधी कायद्याने बांधा. कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने २०१३ मध्येच कायदे केले. टाकीतल्या मृत्यूला ३० लाख हा तळ धरा आणि वर कायम कामगाराच्या पगाराने गुणाकार करा. आणि हो, माफी. लेखी, विधिमंडळात. तिला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ती शेवटी मिळेल.

राहिला तुमचा प्रश्न, 'यात मी काय करायचं?' तो तुम्ही विचारला नव्हता, पण पत्राच्या खाली 'सचिव' असं लिहून सोसायटीचं नाव घातलंय, म्हणून सांगते. तुमच्या इमारतीला सेप्टिक टँक असेल किंवा निदान चेंबर असतील. फाइल काढा. साफसफाईचं शेवटचं व्हाउचर बघा, कुणाच्या नावाने आहे. माणूस आत उतरला होता का, ते वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टँकरवाल्याशी करार केला म्हणून उतरवणारा सुटत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्या, यंत्राने साफ करणाऱ्याचं कोटेशन मागवा. महाग येईल. किती महाग ते लिहून ठेवा. दर वर्षीचा तो फरक इतकी वर्षं कुणीतरी भरत आलंय, आणि त्याचे आकडे त्या वहीत आहेत, '७००' खोडून '५००'.